शेवटचे ३३६

७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३६. मोजून २९ अंक. गोम्मटसाराच्या जीवकांडात नेमिचंद्राचार्यांनी सांगितलेली पर्याप्त मनुष्यांची संख्या ती ही. श्रवणबेळगोळला बाहुबलींची मूर्ती उभारणारा चामुंडराय यांचाच शिष्य. दहाव्या शतकातला हा ग्रंथ. गाथेत संख्या अक्षरांत गुंफली आहे. त म्हणजे ६, ल म्हणजे ३, न म्हणजे ०, आणि वाचायचं एककापासून उलटं. पाठ करणाऱ्यांची सोय!

आकडा दिसायला मनाला येईल तसा मांडल्यासारखा आहे. पण निम्मा करत चला. बाकी कुठेच राहत नाही, आणि ९६ वेळा निम्मं केलं की बरोबर एक उरतो. अशा निम्मं करण्याला आपल्या शास्त्रात अर्धच्छेद म्हणतात: आठाचे अर्धच्छेद तीन, सोळाचे चार. वीरसेनाचार्यांच्या धवलेत हे गणित सर्रास येतं. आजची जगाची आठशे कोटींवरची लोकसंख्या घेतली, तर तेहतिसाव्या वेळीच एकाच्या खाली जाते. मग एवढी माणसं राहतात कुठे? तो हिशोब पंडितांनी करावा. माझं मन अडतं ते शेवटच्या ३३६ पाशी.

आपण पंचकल्याणकाहून आलो की 'लाखभर लोक होते' म्हणतो. मोठ्या आकड्यात शेवटचे शे-दोनशे गेले तरी कुणाला कळत नाही. शास्त्रकारांकडे तर असंख्यात, अनंत असे शब्द तयारच होते. तरी पर्याप्त माणूस त्यांनी संख्यातातच ठेवला आणि एककापर्यंत मोजला.

आता यातून एक काढा. शेवटी ३३५. विषम संख्या! ९६ वेळा राहू दे, एकदासुद्धा निम्मी होत नाही. आणि कोण काढला याला महत्त्व नाही. संघपती काढा की धुणंभांडी करणारी काढा, मोडतं तेवढंच. 'एकानं काय होतंय' असं कुणी म्हणालं की मला हा आकडा आठवतो. आकड्यावरून नीती सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. गणितानं कुणाला दया आलेली नाही. पण पाणी गाळताना गाळण्यातला जीवसुद्धा जपून परत पाण्यात सोडायला सांगणारी परंपरा माणसं मोजताना एककावर येऊन थांबते, हा मला योगायोग वाटत नाही.

लगेच पुढची गाथा सांगते की यातला पाऊण हिस्सा स्त्रियांचा. चौथा हिस्सा अर्थातच बाकी न ठेवता निघतो. तसे तीन आपले. आपल्याकडे आचाऱ्याला पाचशे पानं सांगतात ना, त्यात वाढणाऱ्या पंधरा-वीसजणी धरलेल्या नसतात. त्या मागाहून बसतात, उरेल त्यावर.