पाणी गार आहे, हे कोणी ठरवावे?

उन्हाळ्याच्या सुट्टीतील पवित्रशास्त्र शाळा संपली की मुलांना मंडळीतील एखाद्या सभासदाच्या मळ्यात न्यावे, झाडाखाली भाकरी खावी आणि विहिरीत पोहू द्यावे, ही आपल्या बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण आणि आळंदकडील मुलांची मोठी हौस. कोणाच्या पाठीला वाळका भोपळा, कोणाच्या पाठीला रिकामा डबा, कोणाच्या कमरेला दोर. अशा वेळी पायऱ्यांवर एक लहानसा वाद हमखास होतो. एक मूल म्हणते, "पाणी फार गार आहे, मी नाही उतरत." दुसरे ओठ निळे पडले तरी म्हणते, "मला नाही थंडी वाजत, अजून एकच उडी!" आणि कोरड्या कपड्यांनी काठावर उभे असलेले आपण निकाल देऊन मोकळे होतो : पहिले भित्रे, दुसरे शूर. गोष्ट क्षुल्लक दिसते. पण जे दुसऱ्याच्या अंगाला सोसायचे आहे, त्याचा निवाडा आपण कशाच्या आधारे करावा, हा प्रश्न तिच्यात आहे. आणि तो क्षुल्लक नाही.

प्रथम पाण्याविषयी. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने 1690 च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, एकच पाणी एकाच वेळी एका हाताला गार व दुसऱ्या हाताला ऊन लागू शकते. एक हात आधी गार पाण्यात, दुसरा ऊन पाण्यात ठेवून मग दोन्ही कोमट पाण्यात घालावेत, म्हणजे कोणालाही याचा अनुभव येईल. आपल्या विहिरी हाच धडा वर्षभर देतात. झऱ्याच्या खोल विहिरीचे पाणी बाराही महिने साधारण एकाच उष्णतेचे, आपल्याकडे 25 अंशांच्या आसपास असते. डिसेंबर-जानेवारीत बीदरच्या पठारावर पहाटेचा पारा कधी 10 अंशांच्याही खाली जातो, तेव्हा तेच पाणी ऊबदार लागते, त्यावरून वाफ निघताना दिसते. मे महिन्यात चाळीस अंशांच्या उन्हातून आलेल्या मुलाला तेच पाणी अंगावर काटा आणते. पाणी बदलले नाही. त्यात उतरणारे अंग बदलले.

शिवाय सर्व अंगे सारखी नसतात. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने शरीराची उष्णता ओढून घेते. लहान मुलाचे वजन थोडे, पण त्या मानाने त्वचेचा पसारा मोठा आणि अंगावर चरबी कमी. म्हणून त्याचे अंग मोठ्या माणसाच्या आधी गारठते. पोहण्याच्या जागतिक शर्यतींसाठी तलावाचे पाणी 25 ते 28 अंश असावे असा नियम आहे, आणि तो सतत हातपाय मारणाऱ्या तयार जलतरणपटूंसाठी आहे. पायरीला धरून उभ्या राहणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला याहून ऊन पाणी हवे. ते मिळत नसेल तर वेळ कमी हवा. आपल्याकडे बर्फाच्या पाण्याचे भय नाही. भय आहे ते फार वेळ पाण्यात राहण्याचे, उन्हातून येऊन एकदम उडी घेण्याचे, आणि हिवाळ्यात पाण्याबाहेर आल्यावर ओल्या अंगाला लागणाऱ्या वाऱ्याचे.

तेव्हा गारवा ज्याचा त्यालाच कळतो हे खरे. मग सर्व निर्णय मुलावर सोपवावा काय? नाही. येथेच विवेक लागतो. "मला थंडी वाजते" आणि "मला थंडी वाजत नाही" ही मुलाची दोन वाक्ये सारख्या वजनाची नाहीत. पहिले वाक्य बोलताना त्याला काही लाभ नसतो, उलट चिडवले जाण्याची भीती असते. तरीही ते बोलले, तर त्यावर विश्वास ठेवावा. दुसरे वाक्य बोलताना मात्र त्याला सोबत्यांत राहायचे असते, खेळ सोडवत नसतो, कधी शिक्षकाची शाबासकी हवी असते. म्हणून ते तपासून पाहावे. मुलाचे 'नको' ऐकताक्षणी मानावे. त्याचे 'चालेल' मात्र त्याच्या ओठांना आणि बोटांना विचारून घ्यावे.

यावर कोणी म्हणेल, "अशाने मुले नाजूक होतील. आम्ही नाही का गार पाण्यात वाढलो?" हा आक्षेप फार जुना आहे, व त्याचे कैवारीही थोर आहेत. ज्या लॉकने एकच पाणी दोन हातांना निराळे लागते हे शिकवले, त्यानेच 1693 मध्ये मुलांचे पाय रोज गार पाण्याने धुवावेत, जोडेही पाणी आत शिरेल असे पातळ असावेत, असे लिहिले. मेथॉडिस्ट चळवळीचे जनक जॉन वेस्ली यांनीही 1747 च्या आपल्या वैद्यकीय पुस्तकात कितीतरी दुखण्यांवर थंड स्नान सुचवले आहे. मुलांनी काटक व्हावे, ही इच्छा वाईट नाही. पण लॉकनेही सुरुवात वसंतात, कोमट पाण्याने करून हळूहळू गारव्याकडे जावे असे सांगितले, हे आपण विसरतो. सवय लावणे निराळे आणि ढकलून देणे निराळे. पहिल्यात मूल पाण्याशी मैत्री करते. दुसऱ्यात ते एवढेच शिकते की, आपल्या अंगाची साक्ष मोठी माणसे ऐकत नाहीत. ज्या मुलाने हे लहानपणी शिकून घेतले, ते पुढे अधिक मोठे दुःख झाले तरी आपल्याला सांगायला येईल काय?

उलट टोकाची चूकही आहे : भीतीपोटी मुलांना पाण्याजवळ जाऊच न देणे. मांजरा, कारंजा, भीमा यांच्या काठी राहणाऱ्यांना पोहणे ही चैन नव्हे. मुलाला पोहायला शिकवणे हे बापाचे कर्तव्य आहे, असे मत यहुदी शास्त्र्यांच्या तालमूद ग्रंथातही नोंदलेले आहे. शिकवावेच; पण शिकवणाऱ्याने काठावरून हुकूम सोडू नयेत. बीदरच्या नरसिंह झऱ्याच्या भुयारात भाविक छातीभर पाण्यातून चालत जातात आणि लहान मुलांना खांद्यावर घेतात. पाणी किती गार, किती खोल, हे तेथे नेणाऱ्याचे अंग आधी जाणते. निर्णय करण्याचा अधिकार असा कमवावा लागतो.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पौलाचे जहाज फुटल्याची हकिकत आपण वर्गात अनेकदा शिकवतो. ज्यांना पोहता येत होते त्यांना आधी उड्या टाकायला सांगितले, बाकीचे फळ्यांवरून आले, आणि 276 माणसे मिलिता बेटावर वाचली. त्या बेटकऱ्यांनी काय केले ते पाहा. त्यांनी भिजलेल्यांच्या धैर्याची परीक्षा घेतली नाही. पाऊस होता, गारठा होता, म्हणून त्यांनी शेकोटी पेटवली. अंग पाहिले, गरज ओळखली, आणि ऊब दिली.

शिक्षक बंधुभगिनींनो, येत्या सुट्टीत मुलांना जरूर न्या. पण आधी स्वतः पाण्यात उतरा. नुसती बोटे बुडवू नका. उन्हातून आलेल्यांना थोडे सावलीत बसवा, हातपाय ओले करून हळूहळू उतरू द्या. दर दहा मिनिटांनी सर्वांना बाहेर बोलवा. सगळेच येतात, म्हणजे कोणी भित्रे ठरत नाही. थरथर सुरू झाली, ओठ निळसर झाले, सदऱ्याची गुंडी लावता येईना, की त्या मुलाचे पोहणे त्या दिवसापुरते संपले. ओले कपडे काढा, अंग पुसा, गोधडीत गुंडाळा, गोड ऊन दूध द्या. थरथर थांबूनही मूल सुस्त असेल, बोलताना अडखळत असेल, तर दूध न पाजता त्याला तत्काळ दवाखान्यात न्या. आणि ज्याने उतरायचेच नाकारले, त्याला पायरीवर बसू द्या. पाय पाण्यात सोडून ते बसले, तरी त्या दिवसाचा त्याचा धडा झाला. पुढच्या वर्षी ते आपण होऊन उतरेल, कारण 'नको' म्हटल्यावर आपले ऐकणारे माणूस तेथे आहे, हे त्याला ठाऊक असेल.