दुखावलेला पाय

प्रतिस्पर्ध्याच्या दुखापतीचा लाभ घ्यावा की नाही, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत क्वचितच आढळतो. क्रीडांगणावर मात्र तो क्षणार्धात सोडवावा लागतो. १९८४ साली लॉस एंजेलिस येथील ऑलिंपिक सामन्यांत, ज्युदोच्या खुल्या गटाच्या अंतिम लढतीत, जपानचा यासुहिरो यामाशिता व ईजिप्तचा मोहम्मद रशवान समोरासमोर आले. आधीच्या एका लढतीत यामाशिताच्या उजव्या पोटरीस इजा झाली होती, व त्याचे लंगडणे कोणापासून लपले नव्हते. तरीही यामाशिताने रशवानास जमिनीवर जखडून सुवर्णपदक मिळविले. त्या दुखऱ्या पायावर हल्ला करणे आपण बुद्ध्याच टाळले, असे रशवानने पुढे सांगितले, आणि त्याचा जगभर गौरव झाला. चित्रफीत पाहून काहींनी या हकीकतीविषयी शंका घेतली आहे. परंतु तेवढ्याने आपला प्रश्न सुटत नाही. खरोखरच तसे टाळणे योग्य होय काय?

विरुद्ध पक्ष दुबळा नाही. जो मल्ल स्वखुशीने आखाड्यात उतरला, त्याने आपले सर्व शरीर लढतीस वाहिले. त्याचा एक पाय वर्ज्य मानणे म्हणजे त्यास बरोबरीचा न मानणे होय. शिवाय ही इजा त्याच स्पर्धेत झालेली. ती सोसणे हीदेखील कसोटीच नव्हे काय? उद्या असा नियमच केला, तर लंगडण्याचे सोंग घेणारेही निघतील!

हे सर्व मान्य करूनही एक भेद उरतो. प्रतिस्पर्ध्याच्या कौशल्यातील उणीव हेरणे हा खेळाचा गाभा आहे. त्याच्या वेदनेवर आघात करणे हा केवळ संधीचा उपयोग आहे. पहिल्या विजयात आपण त्या मनुष्यास जिंकतो, दुसऱ्यात त्याच्या दुर्दैवास. १८८२ साली ज्युदोची स्थापना करणाऱ्या जिगोरो कानो यांनी परस्परांचे कल्याण हे या विद्येचे एक तत्त्व मानले. ज्याच्यावाचून आपली विद्या वाढत नाही, त्यास लढतीच्या आरंभी व शेवटी वाकून नमस्कार करावयाचा, यात हाच भाव आहे.

तथापि अशा वर्तनास कर्तव्य म्हणता येणार नाही. रथाचे चाक भूमीत रुतले असता कर्णाने धर्माचा आधार घेऊन अवधी मागितला. तेथे प्रश्न हक्काचा झाला, आणि त्यास त्याच्या पूर्वकृत्यांचा हिशेब ऐकावा लागला. येथे मात्र सवलत नियमाने मिळावयाची नव्हती. ती द्यावयाची की नाही, हे एकट्या रशवानच्या मनावर होते. म्हणून हे न्यायाचे नव्हे, औदार्याचे उदाहरण आहे. जो दुखऱ्या पायावर नियमास धरून हल्ला करील, त्यास आपण दोष देऊ नये; परंतु जो तो टाळून शिकस्तीने लढेल आणि हरेल, त्याने काय गमावले हे पदकांच्या यादीवरून ठरवू नये.