शाखा आणि स्वधर्म

भिलाई-3 मधील बारावीच्या विद्यार्थ्याला 2016 साली सुरू झालेल्या आयआयटी भिलाईत प्रवेश हवा असेल, तर जोसा, म्हणजे आयआयटी-एनआयटींच्या जागा वाटणारी संयुक्त यंत्रणा, त्याच्याकडून संस्थेबरोबर शाखेचाही पसंतीक्रम आधीच मागते. अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांत मात्र मुख्य विषय न ठरवताही अर्ज करता येतो. शाखा कधी ठरवावी, हा स्वधर्माचा, म्हणजे ज्याच्या-त्याच्या वाट्याला आलेल्या कर्तव्याचा, प्रश्न आहे. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगातील गीता-प्रवचनांत स्वधर्म सहजप्राप्त मानला. परंतु ज्या भिलाईत 1959 साली पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली आणि अनेक घरांचे जगणे त्याच्याशी बांधले गेले, तिथे सहजप्राप्त कोणते आणि केवळ शेजारचे कोणते, हे सतराव्या वर्षी ओळखणे कठीणच. गीतेचा अठरावा अध्याय कर्माला स्वभावाशी जोडतो, आणि स्वभाव तर (पसंतीक्रम भरणाऱ्या पालकांनाही हे ठाऊक असते) बहुधा काम करतानाच उलगडतो; त्यामुळे विषय खुला ठेवणाऱ्याला धरसोड्या म्हणणे अन्यायाचे आहे.