दोन युद्धे, एक तिजोरी

अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी जानेवारी १९६४ मध्ये दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारले. युद्ध हा शब्द तेथे रूपक म्हणून आला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी दोन दस्तऐवजांवर स्वाक्षऱ्या केल्या. एकाने दारिद्र्यनिवारणाच्या योजनांना कायद्याचे अधिष्ठान दिले. दुसऱ्याने आग्नेय आशियात लष्करी बळ वापरण्याची मुभा दिली. दोन्ही युद्धे एकाच वेळी लढता येतील, असा जॉन्सन यांचा विश्वास होता. परंतु तिजोरी एकच होती. १९६८ मध्ये व्हिएतनाममधील अमेरिकी सैनिकांची संख्या ५ लाखांपलीकडे गेली. युद्धखर्चाने फुगलेली तूट भरून काढण्यासाठी त्या वर्षी प्राप्तिकरावर १० टक्के अधिभार बसला, आणि त्याच्या बदल्यात संसदेने ६ अब्ज डॉलरची खर्चकपात पदरात पाडून घेतली. रूपकातले युद्ध खऱ्या युद्धापुढे हरले.

हा पराभव केवळ हिशेबाचा नव्हता. युद्धाची गरज तातडीची मानली जाते. दारिद्र्याला मात्र थांबायला सांगता येते. तुकडीला एक दिवस दारूगोळा मिळाला नाही, तर तो राष्ट्रीय प्रमाद ठरतो. शाळेवाचून वाढलेली पिढी कोणाच्याच नावावर मांडली जात नाही. ज्याचे दुःख संथ आहे, त्याचा हक्कही दुय्यम मानावा काय, हा येथला खरा प्रश्न आहे.

मार्टिन ल्यूथर किंग यांनी ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये तो उघडपणे मांडला. युद्ध माणसे आणि पैसा ओढून घेत असेतोवर गरिबांच्या वाट्याला काही उरणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. ज्या कृष्णवर्णीय तरुणांना स्वतःच्या गावात समान हक्क नव्हते, त्यांनाच इतरांच्या स्वातंत्र्यासाठी हजारो मैल दूर धाडले जात होते. किंग यांच्यावर वृत्तपत्रांनी टीका केली. नागरी हक्कांच्या चळवळीतील सहकाऱ्यांनीही दोन प्रश्नांची गल्लत करू नये असे बजावले. पण ती गल्लत किंग यांनी केलेली नव्हती. अंदाजपत्रकानेच केली होती.

युद्धखर्चाच्या समर्थनार्थ सर्वांत हृदयस्पर्शी युक्तिवाद मृतांच्या नावाने केला जातो. आता माघार घेतली तर त्यांचे बलिदान व्यर्थ जाईल, असे म्हटले जाते. या युक्तिवादाला अंत नाही. यंदाचे मृत पुढील वर्षाच्या खर्चाचे कारण होतात आणि त्या वर्षाचे मृत त्यापुढील वर्षाचे. मृतांचे ऋण नव्या मृतांनी फिटत नाही.

तथापि नकारही निष्कलंक नसतो. एप्रिल १९७५ मध्ये अध्यक्ष फोर्ड यांनी दक्षिण व्हिएतनामसाठी मागितलेली ७२ कोटी २० लाख डॉलरची लष्करी मदत संसदेने दिली नाही. त्याच महिन्याच्या ३० तारखेला सायगाव पडले आणि पुढील वर्षांत लाखो माणसांनी होड्यांतून देश सोडला. अमेरिकेवर विसंबलेल्यांचा हा विश्वासभंग युद्धविरोधकांनीही नाकारू नये. युद्ध सुरू करणारे राष्ट्र एकाच वेळी परक्यांना आणि स्वकीयांना वचन देते. ते जितके लांबेल तितकी दोन्ही वचने पाळणे अशक्य होत जाते. शिवाय युद्ध थांबले म्हणून वाचलेला पैसा आपोआप गरिबाच्या दारी पोहोचत नाही. युद्धाला नकार देणाऱ्याला घरच्या वचनासाठी पुन्हा वेगळे झगडावे लागते.

किंग तेच करीत होते. रिव्हरसाइडच्या भाषणानंतर बरोबर एका वर्षाने, ४ एप्रिल १९६८ रोजी, मेम्फिस येथे त्यांची हत्या झाली. ते तेथे सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा देण्यासाठी गेले होते. त्या फेब्रुवारीत कचऱ्याच्या गाडीतील यंत्रात चिरडून दोन कामगार दगावले होते. संपकऱ्यांच्या मागण्या साध्या होत्या: संघटनेला मान्यता, बरे वेतन आणि सुरक्षित काम.