दृश्याचें ऋण

आठवड्याच्या सुट्टीला चार मित्रांनीं मिळून गांवाबाहेर जावें, दिवसभर उन्हातान्हांत हिंडावें आणि सायंकाळीं परततांना पंचवीस-तीस छायाचित्रें बरोबर आणावीं, हा परिपाठ आतां सोलापुरासारख्या शहरांतहि चांगला रुळला आहे. त्याचा नीतिविचाराशीं कांहीं संबंध असूं शकेल असें म्हटलें, तर वाचकांना ती प्राध्यापकी खोड वाटण्याचा संभव आहे. पंचवीस-तीस हा आंकडाहि जुना झाला. भ्रमणध्वनीच्या कृपेनें एका दिवसांत एकेकाच्या पदरीं तीन-चारशें चित्रें सहज पडतात. सहल निर्दोष, मैत्री निर्दोष, चित्र काढणें तर त्याहूनहि निर्दोष. मग प्रश्न उरतो कोठें? तो उरतो असें मला वाटतें. इतकेंच नव्हे, तर सहलीचें स्थळ आपल्या घराला जितकें जवळ तितका तो अधिक अवघड होतो असेंहि वाटतें.

प्रथम सुट्टीविषयीं थोडें. रविवार आपणांला आकाशांतून पडलेला नाहीं. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ पासून चालविलेल्या खटपटीनंतर, १० जून १८९० रोजीं, मुंबईच्या गिरणीकामगारांच्या पदरांत ही साप्ताहिक सुट्टी पडली. सोलापूर हेंहि गिरण्यांचेंच गांव. येथील जुनी गिरणी १८७७ सालीं सुरू झाली, आणि भोंग्याच्या हिशेबानें दिवस मोजणाऱ्या घरांना त्या एका मोकळ्या वाराची किंमत कोणी समजावून द्यावी लागली नाहीं. ज्या दिवशीं माल किती निघाला हें कोणी विचारीत नाहीं, तो सुट्टीचा दिवस. हातांत कॅमेरा आला कीं मात्र सुट्टीच्या दिवशींहि माल निघावा लागतो, आणि सोमवारीं तो मोजून दाखवावा लागतो.

आमच्या जिल्ह्यांत मित्रांच्या सहलीचा अस्सल नमुना पाहावयाचा तर तो हुरड्याचा. मार्गशीर्ष-पौषांत ज्वारीचीं कणसें कोवळ्या दाण्यांनीं भरलीं कीं कोणा ओळखीच्या शेतकऱ्याच्या शेतावर मंडळी जमतात. गोवऱ्यांची आगटी पेटते, तिच्यांत कणसें भाजलीं जातात, आणि तळहातावर चोळलेले गरम दाणे पुढ्यांत येऊन पडतात. बरोबर शेंगांची चटणी, दहीं, गूळ. येथें कोणाचाच हात मोकळा नसतो. हुरड्याच्या सहलीचे फोटो नेहमीं वाईट येतात असा माझा अनुभव आहे: धूर, काळवंडलेलीं बोटें, मिटलेले डोळे, भरलेलीं तोंडें. आणि गंमत अशी कीं, वीस-वीस वर्षें आठवणींत राहतात त्या याच सहली. त्या फोटोंत एक गोष्ट मात्र हटकून सुटते. आगटीपाशीं उकिडवा बसून जो कणसें चोळीत असतो त्याचे हात चित्रांत येतात, तोंड येत नाहीं. कारण तो वांकलेला असतो.

मैत्रीचे उपयोगाची, सुखाची आणि सद्गुणाची असे तीन प्रकार ॲरिस्टॉटलनें केले आहेत. सहलीची मैत्री उघडच दुसऱ्या प्रकारांत जाते, आणि तींत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. सुख एकत्र भोगतां येणें हीहि एक विद्याच आहे. नळदुर्गच्या किल्ल्यांत दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळीं, १६१३ च्या सुमारास, बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटांतच पाणीमहाल बांधलेला आहे. पाऊस चांगला झाला कीं नर आणि मादी हे दोन धबधबे त्या बांधावरून कोसळतात, आणि आंत सज्जांत उभें राहिलेल्या माणसाच्या पुढ्यांतून पाणी खालीं जातें. त्या वेळीं शेजारचा मित्र कोपरानें ढोसून “तिकडे पहा” म्हणतो, तेव्हां आपण दोघे मिळून एकच वस्तु पाहतों. पुढच्याच क्षणीं तो “उंची कळावी म्हणून जरा तेथें उभे राहा” म्हणाला, कीं पाहणारा एक आणि मोजपट्टी दुसरा अशी वांटणी होते. मित्राचा गज होण्यांत मोठी हानि आहे असें नाहीं. पण दिवसभर तेंच चाललें तर बरोबर आलेली मंडळी मित्र म्हणून आली कीं सामान म्हणून, हें विचारावेंसें वाटतें.

रस्किनचें उदाहरण येथें बोधप्रद आहे. १८४५ सालीं व्हेनिसमध्यें त्याला डॅगेरोटाइप चित्रें मिळालीं तेव्हां तो हर्षभरित झाला होता, कारण ढांसळत चाललेल्या वास्तूंचा दगड न् दगड तींत उतरला होता. तोच रस्किन १८५७ सालीं चित्रकलेचे प्राथमिक धडे लिहितो, आणि ते लिहितांना चित्रकार निर्माण करण्यापेक्षां लोकांना पाहावयास शिकविण्याची त्याला अधिक चिंता आहे. पेन्सिलीनें झाडाची एक फांदी काढावयास अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासांत फांदी आपणांला समजते. यंत्रानें हा अर्धा तास वांचविला. पण समजण्याचें काम होत होतें तें याच अर्ध्या तासांत.

आपल्या जवळचेंच उदाहरण घ्यावयाचें तर भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग कुडलचें घेतां येईल. तेथील संगमेश्वराच्या देवळांत शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८, चा मराठी शिलालेख आहे. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनीं तो उजेडांत आणला, आणि मराठीच्या आद्य शिलालेखांत त्याची गणना होते. संगमाचें चित्र फार सुंदर येतें; लेखाचें येत नाहीं. समोरून प्रकाश पडला कीं अक्षरें दगडांत विरून जातात. शिलालेखाचे अभ्यासक ओला कागद दगडावर बसवून, ब्रशानें ठोकून ठोकून त्याचा ठसा घेतात. हात भरून येतात, कागद फाटतो, पुन्हां बसवावा लागतो. ठसा घेणाऱ्याला दगडाशीं सलगी करावी लागते. आम्ही मात्र संगमावर सूर्यास्त टिपतों, आणि हजार वर्षांपूर्वीं ज्यानें आपली भाषा दगडावर ठेविली त्याच्या डोक्याखालून निघून येतों.

येथवर जें सांगितलें तो नुसता रसिकतेचा प्रश्न झाला. यांत बिघडलें तर आपलेंच बिघडतें. दुसऱ्याचें बिघडूं लागतें तेथें प्रश्न नीतीचा होतो. शहरापासून सुमारें वीस किलोमीटरांवर नान्नजचें माळरान आहे. १९७९ सालीं माळढोकासाठीं तें अभयारण्य झालें. हा पक्षी एका वेळीं बहुधा एकच अंडें घालतो, तेंहि उघड्या जमिनीवर. २०११ पासून जगांतल्या अत्यंत संकटग्रस्त जातींत त्याची नोंद आहे, आणि आतां सगळे मिळून दीडशेंच्या आंतच उरले असावेत. नान्नजला तो दिसणें ही आज दुर्मिळ गोष्ट झाली आहे. तेथून परतणारी मंडळी बहुधा काळविटांचीं चित्रें दाखवितात. माळढोकाचा नाश छायाचित्रकारांनीं केला असें कोणीहि म्हणणार नाहीं. शिकार, नांगराखालीं गेलेलीं गवताळ रानें, विजेच्या तारा हीं मोठीं कारणें आहेत. परंतु एकच अंडें घालणाऱ्या पक्ष्याला आणखी दहा पावलें जवळ आलेल्या माणसाची किंमत द्यावी लागते, आणि येथें शेजाऱ्याची जबाबदारी परक्यापेक्षां मोठी आहे. शंभर कोसांवरून येणारा एकदां येतो. सोलापूरकर मनांत आणील तर वर्षांत पन्नास रविवार जाऊं शकतो. हा प्रश्न तरी सोपा आहे. अंतर ठेवावें, विणीच्या दिवसांत जाऊंच नये, एवढा नियम पाळला कीं तो बहुतांशीं सुटतो.

नियमानें सुटत नाहीं असा प्रश्न उजनीला भेटतो. १९८० सालीं धरण पुरें झालें, भीमेचें पाणी मागें पसरलें आणि त्याखालीं अनेक गांवें गेलीं. इंदापूर तालुक्यांतील जुनें पळसदेव हें त्यांतलेंच. तेथील पळसनाथाचें देऊळ पाण्यांतच राहिलें आहे. पाणी उतरलें कीं शिखर वर येतें. फारच उतरलें तर सबंध देऊळ उघड्या गाळावर उभें राहतें. २०२४ सालीं पावसाळ्यापूर्वीं धरणांतला उपयुक्त साठा संपला, देऊळ उघडें पडलें आणि तें पाहावयास लोकांची रीघ लागली. चित्र खरोखर अप्रतिम येतें: भेगाळलेली जमीन, कोरीव दगड, वर मोकळें आभाळ. पण हें दृश्य मिळण्यास दुष्काळ पडावा लागतो. शेतकऱ्याची मोटार पाण्यावांचून बंद पडावी तेव्हां आमच्या कॅमेऱ्याला विषय मिळावा, असा हा योग आहे.

आमच्या मंडळींत एक वकील आहेत. त्यांनीं माझा आक्षेप ऐकून घेतला आणि म्हणाले, “अहो प्रोफेसरसाहेब, आपण फोटो काढला म्हणून धरणांतलें पाणी उतरलें काय? उलट लोक येतात म्हणून नाववाल्यांना चार पैसे मिळतात. ज्यांत कोणाचें नुकसान नाहीं, त्यांत दोष कसला?” हा युक्तिवाद दुबळा नाहीं. अग्निपंखी पक्षी पाहावयास भिगवणकडे जे लोक जातात त्यांच्यामुळें तेथील कित्येक मच्छीमारांना जोडधंदा मिळाला आहे, हें खरेंच आहे. शिवाय सौंदर्यशास्त्रहि वकिलांच्या बाजूनें उभें करतां येईल. कांटनें १७९० सालींच सांगून ठेविलें आहे कीं, सौंदर्याचा आनंद निरपेक्ष असतो. वस्तु आपली आहे कीं परक्याची, उपयोगी आहे कीं निरुपयोगी, हें त्यांत येत नाहीं. आपल्याकडे भट्टनायकानें साधारणीकरणाचा सिद्धान्त मांडला: रंगभूमीवरचा शोक अमक्या व्यक्तीचा न राहतां सर्वसाधारण होतो, म्हणूनच करुण प्रसंगाचाहि आस्वाद घेतां येतो. मग उघड्या पडलेल्या देवळाचा तसाच आस्वाद कां घेऊं नये?

याचें उत्तर मला असें दिसतें. नाटकांतील सीतेचा शोक साधारण होऊं शकतो, कारण पडदा पडल्यावर जिच्या घरीं जाऊन विचारपूस करावी अशी सीता नसते. पळसदेवचीं माणसें आहेत, नव्या गावठाणांत राहतात, आणि त्यांतल्या वृद्धांना जुन्या गांवाचे रस्ते अजून पाठ आहेत. जो शोक अजून कोणाचा तरी आहे, तो साधारण करून आपण त्याच्या धन्याला वजा करतों. आणि निरपेक्षतेचें म्हणावें तर ती परक्या प्रवाशाला शोभेल. सोलापूरकराला ती कोठून यावी? आमच्या नळाला जें पाणी येतें तें पुष्कळसें उजनीचें आहे. तें चार-पांच दिवसांनीं येतें म्हणून आम्ही कुरकुरतों, तेंहि रास्तच आहे. पण तें येतें तें या गांवांवरून येतें. ज्या बुडालेल्या उंबऱ्यावरचें पाणी आपण प्यालों, तो उंबरा उघडा पडल्यावर आपण निव्वळ प्रेक्षक कसे ठरतों? आपलें नातें तेथें ऋणकोचें आहे. वकिलांचा प्रश्न नुकसानीचा होता, आणि नुकसान कांहींच नाहीं हें मला मान्य आहे. परंतु सावकाराच्या घरीं जाऊन, त्याच्या पडक्या भिंतीची शोभा वाखाणून, ऋणाचा शब्दहि न काढतां परत येणाऱ्या ऋणकोनें तरी नुकसान कोठें केलेलें असतें? तरीहि त्याचें वागणें आपणांला खटकतें. सहल जवळची असली कीं प्रश्न अवघड होतो असें मीं आरंभीं म्हटलें तें याच कारणानें. ताजमहालापुढें आपण कोणाचें कांहीं लागत नाहीं.

म्हणून तेथें जाऊंच नये असें मात्र मी म्हणत नाहीं. न जाणें म्हणजे ऋण न पाहणें. तें तर आपण एरव्हीं सहा दिवस करतच असतों. ऋण एका फोटोनें फिटावें असेंहि नाहीं. काय करतां येतें याची लहानशी वानगी त्याच दिवशीं पाहावयास मिळाली. आमचे मित्र देवळाभोवतीं कोन शोधीत फिरत होते. धोतराचा काचा मारलेला एक म्हातारा बराच वेळ तें पाहत उभा होता. शेवटीं तो म्हणाला, “सायेब, समदी देवळाचंच फोटू काढत्यात. ह्या दगडाच्या वळीपासनं त्या खड्ड्यापतूर आमचं घर हुतं. त्यो खड्डा न्हवं, पेव हाय आमचं. ह्येचाबी काढा की येक.”

वकिलांनीं काढला. मग म्हातारा पुढें चालूं लागला आणि ते त्याच्या मागून. येथें चावडी, येथें तालीम, येथून नदीवर जाण्याची वाट. “कागदावर काढून द्या, नातवाला दावतो,” एवढें त्यानें दोनदां बजावलें. त्या सात फोटोंच्या प्रती वकिलांनीं काढून घेतल्या, प्रत्येकीमागें म्हाताऱ्यानें सांगितलेलें नांव लिहिलें आणि टपालानें पाठविल्या. मीं त्या पाहिल्या आहेत. प्रत्येकींत भेगा पडलेला गाळ आहे, कोठें दगडांची एक अर्धवट ओळ आहे, एकींत कडेला म्हाताऱ्याच्या काठीचें टोंक आलें आहे. उन्ह डोक्यावर असल्यानें सावलीहि पडलेली नाहीं.