मोडायचं, पण कुठे?

अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी 1998 साली सूत्रकृमीत दुपदरी आरएनए सोडून हवं ते जनुक गप्प करून दाखवलं. नोबेल 2006 मध्ये मिळालंसुद्धा. या तंत्रावर आधारलेलं पहिलं औषध यायला मात्र 2018 उजाडलं. घोडं अडलं ते पेशीत शिरण्यापाशी. जेमतेम 21 अक्षरी जोडीचा हा आरएनए रक्तातली विकरं कुरतडतात, उरलासुरला मूत्रपिंडं गाळून टाकतात. आणि तो ऋणभारित असल्याने पेशीचं पटलही त्याला दारात उभं करत नाही.

मग त्याला धनभारित पॉलिमरात गुंडाळायचं. पॉलिइथिलिनइमीन हे डीएनएच्या बाबतीत 1995 पासून करतंय. पण जो धनभार आरएनएला धरून ठेवतो, तोच पेशीच्या पटलालाही इजा करतो. शिवाय हे पॉलिमर शरीरात मोडत नाही, साचून राहतं.

2000 साली लिन आणि लँगर या संशोधकांनी बीटा-अमिनो एस्टरांची पॉलिमरं पुढे आणली. त्यांचे एस्टर बंध पाण्याने सुटतात. अडचण अशी, की पाणी औषधाच्या कुपीतही असतं; शरीरात गुण ठरणारी गोष्ट कपाटात अवगुण ठरते. म्हणून असे कण गोठवून सुकवून ठेवायची खटपट करावी लागते.

मला जास्त चतुर वाटतो तो पॉलिमराच्या साखळीतला डायसल्फाइड बंध. तो तोडणारं ग्लुटाथायोन पेशीबाहेर अगदी थोडं, आत शेकडो पटींनी जास्त. त्यामुळे बंध बाहेर टिकतो आणि पेशीद्रवात पोचल्यावर तुटतो. आरएनएचं काम नेमकं तिथेच असतं. अर्थात, त्याआधी पेशी कणाला ज्या पिशवीत गिळते तिच्यातून निसटावं लागतं आणि बहुतेक माल तिथेच गारद होतो. तिथे बंधाची हुशारी कामी येत नाही.

‘जैवविघटनशील’ म्हटलं की आपण निर्धास्त होतो, ते मला पटत नाही. तुकडे कसले पडतात, किती लहान, लघवीवाटे जातात की यकृतात रेंगाळतात, हे प्रत्येक पॉलिमरागणिक वेगळं तपासावं लागतं.

2018 चं ते औषध, पॅटिसिरान, लिपिड कणांतून आलं. पॉलिमरवाल्यांची बाजी हुकली, हे कबूलच. पण ते कण शिरेतून दिले की मुख्यतः यकृतात जातात, आणि या औषधाला यकृतच हवं होतं. फुप्फुस, मेंदू, गाठी यांचं काय, हा प्रश्न उरतोच. पॉलिमराची साखळी लांब-आखूड करता येते, तिच्या टोकाला हवा तो गट लावता येतो. ती मोकळीक तिथेच पणाला लागणार आहे.