ठेका तोच, पाऊल वेगळं

१९९४ साली ब्रिटनच्या संसदेनं नाचाच्या संगीताची कायदेशीर व्याख्या करून टाकली. रात्रीच्या वेळी, उघड्यावर, शंभर किंवा त्याहून जास्त माणसं जमवून वाजणाऱ्या संगीतावर पोलिसांना हात टाकता यावा, हा हेतू. पण नुसतं ‘संगीत’ म्हटलं तर उद्या कुणीतरी कोर्टात उभं राहून विचारणार, की या धाडधाडीला तुम्ही संगीत म्हणता का? म्हणून कलमात खुलासा आला: एकापाठोपाठ एक येणारे तेच ते ठोके ही ज्याची मुख्य ओळख, असा आवाजही संगीतातच धरावा. त्याआधी दोन वर्षं, मे १९९२ मध्ये, कॅसलमॉर्टनच्या गायरानावर आठवडाभर रात्रंदिवस नाच चालला होता आणि वीस हजारांहून जास्त माणसं लोटली होती. गावकरी वैतागले, वर्तमानपत्रं पेटली, कायदा आला. ‘ऑटेकर’ या जोडीनं त्याला संगीतातूनच उत्तर दिलं. त्यांच्या ‘फ्लटर’ या रचनेत कोणत्याही दोन आवर्तनांतले ठोके सारखे नाहीत. वर वेष्टनावर सल्लाही छापला, की तरीसुद्धा वाजवताना एक वकील आणि एक संगीतज्ञ सोबत ठेवा.

आमच्या शिरपूरला अशा व्याख्येसाठी संसद लागली नाही. ‘डीजे’ एवढा एक शब्द पुरला. बेस आणि टॉपचे स्पीकर रचलेली गाडी म्हणजे डीजे, लॅपटॉपवर बसलेला पोरगा म्हणजे डीजे, त्यातून निघतं ते डीजे, आणि दुसऱ्या दिवशी ज्येष्ठ नागरिक ज्याची तक्रार घेऊन जातात तोही डीजेच. कानबाईचं विसर्जन असो, गणपती असो, जयंती असो की वरात, डीजे होता की नव्हता एवढंच सांगितलं जातं. काय वाजलं, हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं असं, की या एका शब्दाखाली चार-पाच वेगवेगळी संगीतं गाडली गेली आहेत. ती वेगळी काढायची तर सूर ऐकण्यापेक्षा नाचणाऱ्याचे पाय बघावेत. लंडनमध्ये असंच झालं, आणि तिथं त्याच्या नोंदी राहिल्या, म्हणून आधी तिकडे जाऊ.

‘द विन्स्टन्स’ या अमेरिकी वाद्यवृंदानं १९६९ साली ‘आमेन, ब्रदर’ नावाची रचना ध्वनिमुद्रित केली. तबकडीच्या मागच्या बाजूला टाकलेली, दुय्यम. तिच्या मध्यावर सगळी वाद्यं थांबतात आणि ग्रेगरी कोलमन एकटाच ड्रम वाजवतो. चार आवर्तनं, जेमतेम सात सेकंद. वीसएक वर्षांनी लंडनच्या पोरांनी तेवढा तुकडा उचलला, वेग वाढवला, कापला, उलटासुलटा जोडला, आणि त्यातून ‘जंगल’ उभं राहिलं. मिनिटाला १६० ते १७० ठोके. एवढ्या वेगावर माणूस नाचणार कसा? गंमत अशी, की वर ड्रम धावत असतात आणि खाली बेस निम्म्या वेगानं, जमैकाच्या रेगेच्या चालीनं डुलत असतो. आपल्या भाषेत सांगायचं तर ड्रम दुगुनीत आणि बेस ठायीत. तरण्या पोरानं ड्रमवर पाय मारावेत, दमलेल्यानं बेसवर नुसते खांदे हलवावेत, दोघंही तालातच. वेस्ट इंडीजमधून आलेल्या घरांची साउंड सिस्टिमची जुनी सवय आणि गोऱ्या मुलांचा रेव्हचा, म्हणजे रात्रभराच्या नाचाचा, उत्साह एकाच रचनेत नांदले, ते या सोयीमुळे. कोलमनला मात्र त्या सात सेकंदांचा एक पैसा मिळाला नाही. तो २००६ मध्ये कफल्लक अवस्थेत गेला. २०१५ मध्ये एका ब्रिटिश डीजेनं वर्गणी काढून वाद्यवृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना सुमारे २४ हजार पौंड दिले. उशिरा का होईना, पण तेही उपकार म्हणून. हक्क म्हणून नव्हे.

जंगलपासून ‘ड्रम अँड बेस’ वेगळं कसं, यावर तिकडे अजून वाद झडतात. वेग जवळपास तोच, थोडा चढाच, १७० ते १७५. ठोके अधिक नितळ, रेगेचे गळे मागे पडलेले. १९९७ मध्ये ब्रिस्टलच्या रोनी साइझ आणि त्याच्या ‘रेप्राझेंट’ चमूला ‘न्यू फॉर्म्स’साठी मर्क्युरी पारितोषिक मिळालं आणि हे संगीत दिवाणखान्यात आलं. ‘जंगल’ म्हटलं की काळी वस्ती आणि मारामाऱ्या आठवणाऱ्यांना नवं नाव सोयीचं पडलं, असं मानणारे बरेच आहेत. मलाही ते पटतं. नाव बदललं की पाहुणे बदलतात.

‘यूके गॅरेज’ची गोष्ट निराळी. त्याचं मूळ न्यूयॉर्कच्या हाउस संगीतात, जिथं मात्रेमात्रेला भारी ठोका पडतो: एक, दोन, तीन, चार. लंडनकरांनी वेग १३० च्या आसपास नेला आणि ‘टू-स्टेप’ या प्रकारात दुसरा आणि चौथा ठोका काढूनच टाकला. तबला ऐकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. भरीइतकंच खालीलाही वजन असतं, हे आपण जाणतो. ठोका गेला त्या जागी कंबर आली. जंगलच्या दणक्याला कंटाळून बाजूला उभ्या राहिलेल्या बायका गॅरेजला परत नाचायला आल्या, असं त्या काळचे लोक सांगतात. काही क्लबांत तर खेळाचे बूट घालून आलेल्याला दारातूनच परत पाठवत. सगळी ऐट मोजक्या वगळलेल्या ठोक्यांवर उभी होती.

आता खरी परीक्षा. गॅरेजच्याच पोटातून २००० नंतर दोन भावंडं निघाली, ‘ग्राइम’ आणि ‘डबस्टेप’. दोघांचा वेग सारखाच, मिनिटाला १४०. दोघांना आधार ‘रिन्स एफएम’ या तेव्हाच्या विनापरवाना रेडिओ केंद्राचा. तरी एक ऐकून ते दुसरं समजण्याची चूक कुणी करणार नाही. ग्राइम पूर्व लंडनच्या बो भागातलं, तोंडाचं संगीत. आठ-आठ आवर्तनांचे तुकडे, त्यावर पोरं माइक हिसकावून घेत बोलतात, म्हणून मध्ये जागा मोकळी, आवाज कोरडे आणि टोकदार. काहींनी तर सुरुवातीला प्लेस्टेशनवरच्या ‘म्युझिक २०००’ या खेळात ठेके रचले. डिझी रास्कलच्या ‘बॉय इन दा कॉर्नर’ला २००३ चं मर्क्युरी मिळालं, तरी या प्रकाराला म्हणायचं काय हे ठरत नव्हतं. वाइलीनं २००४ मध्ये त्याच प्रश्नावर गाणंच काढलं.

डबस्टेप दक्षिणेकडच्या क्रॉयडनचं. ‘बिग ॲपल’ हे रेकॉर्डचं दुकान, तिथं कामाला हॅचा हा डीजे, तिथंच घुटमळणारी स्क्रीम आणि बेंगा ही शाळकरी पोरं. त्यांनी चारपैकी तिसऱ्या मात्रेवर एकच मोठा ठोका ठेवला आणि १४० चा वेग ७० चा वाटू लागला. उरलेली जागा बेसला. ५० हर्ट्‌झच्या स्वराची एक लाट सुमारे सात मीटर लांब असते. ‘प्लॅस्टिक पीपल’सारख्या छोट्या, अंधाऱ्या तळघरात ती कानापेक्षा बरगड्यांना आधी कळते. तिथं नाच असा नव्हताच, माणसं मान खाली घालून डोलत.

मग शिरपूरच्या पोरांच्या मोबाइलवर ‘डबस्टेप’ नावानं जे आलं ते एवढं किंचाळणारं कसं? कारण ते क्रॉयडनचं नव्हतं. २०१० च्या सुमारास अमेरिकेत स्क्रिलेक्स आणि मंडळींनी बेस वरच्या पट्टीत नेला, घोगरा आणि दातेरी केला. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरमधून ५० हर्ट्‌झ बाहेर पडत नाही; घोगरेपणा पडतो. तळघराचं संगीत वाटेतच राहिलं आणि खिशात मावणारं पोचलं. आपल्याकडे कुठला प्रकार येईल हे रसिकता फार क्वचित ठरवते, बहुतेक वेळा यंत्र ठरवतं.

आता शिरपूरच्या करवंद नाक्यावर थांबलेल्या वरातीतल्या ऑपरेटरचा लॅपटॉप बघा. फोल्डरांची नावं: हलगी मिक्स, ढोलकी मिक्स, संबळ मिक्स, आराधी मिक्स, पब मिक्स, कॉम्पिटिशन. हे आपलं वर्गीकरण, कुठल्या विद्यापीठानं केलेलं नाही आणि तरी नेमकं. ‘बबल्या इकस केसावर फुगे’ हे एकच अहिराणी गाणं यातल्या कुठल्याही फोल्डरात जाऊ शकतं. चाल तीच राहते, ठेका बदलतो, आणि नाचायला पुढे येणारी माणसं बदलतात. हलगी सुरू झाली की पोरं गुडघ्यातून उड्या मारतात. संबळ आला की मागे उभ्या असलेल्या काकू-मावश्या फुगडीला सरसावतात. कॉम्पिटिशनच्या फाइलवर तर कुणी नाचतच नाही. ती समोरच्या गाडीला दाखवायची असते, त्यात हॉर्न, संवाद आणि बेसचा दणका. दर अर्ध्या मिनिटाला ती बनवणाऱ्याचं नाव घोगऱ्या आवाजात घुमतं. लंडनचे डीजे आपल्यापुरती एकच तबकडी कापून घेत, दुसऱ्याकडे ती नसावी म्हणून. आपल्याकडे फाइल सगळ्यांकडे जाणार हे माहीतच आहे, म्हणून नाव गाण्यातच गोंदून टाकतात. कोलमनला हे सुचलं असतं तर बरं झालं असतं.

शिरपूरहून उत्तरेला बोराडी, पळासनेरच्या बाजूला चढलं की होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात पावरा आदिवासी मंडळींचे मोठाले ढोल येतात. तिथं माणसं एकमेकांना धरून, ओळीनं किंवा गोलात नाचतात. साखळीत नाचायचं तर ठेका तुटून चालत नाही. एक चुकला की दहा जण अडखळतात. गावातल्या वरातीत मात्र प्रत्येक जण हात वर करून आपापला नाचतो, म्हणून तिथं संगीत मध्येच थांबवून, ताणून, मग दाणकन सोडता येतं. शहरी डीजेचा तो लाडका ‘ड्रॉप’ साखळीच्या नाचात निरुपयोगी आहे. नंदुरबार-नवापूरकडच्या रोडाली नाच-गाण्यात कीबोर्डची धून अखंड फिरत राहते, तिचंही कारण मला हेच दिसतं. तिला ‘एकसुरी’ म्हणणारा माणूस बहुधा बाजूला उभा राहून ऐकत असतो.

लंडनचं आणि आपलं, अशी दोन्ही जगं एकत्र आल्याचं ठळक उदाहरण न्यूक्लिया या संगीतकाराचं. उद्यन सागर हे त्याचं खरं नाव. डबस्टेपच्या घराण्यातला बेस त्यानं आपल्या रस्त्यावरच्या ढोलाला जोडला आणि २०१५ मध्ये ‘बास राणी’ हा अल्बम मुंबईच्या गणेश विसर्जनात आणला. तळघराला योग्य होता तो बेस मिरवणुकीत आला, पण त्यासाठी ठोका पुन्हा भरावा लागला; चालत्या गर्दीला तिसऱ्या मात्रेपर्यंत थांबायला सवड नसते.

आता आवाजाबद्दल, कारण ते टाळून हा विषय लिहिणं अप्रामाणिक होईल. छातीत धडधड होणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा त्रास खरा आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री दहानंतर लाउडस्पीकरवर बंदी. ती पाळली जावी, माझी काही तक्रार नाही. पण मर्यादा आवाजाला असावी, प्रकाराला नव्हे. लंडनच्या पोलिसांनी कार्यक्रमांसाठी ‘फॉर्म ६९६’ काढला होता. सुरुवातीच्या नमुन्यात संगीताचा प्रकार आणि येणारे प्रेक्षक कोणत्या वंशाचे, असं दोन्ही विचारलेलं होतं. ग्राइमचे कार्यक्रम त्यात अडकले आणि टीकेनंतर २०१७ मध्ये तो रद्द करावा लागला. ‘डीजेवर बंदी’ अशी घोषणा आपल्याकडे होते तेव्हा नेमकं काय बंद होतं हे विचारायला हवं. तेच बेस आणि तेच टॉप सनईची ध्वनिफीत वाजवू लागले की ते डीजे उरतात का? डेसिबल मोजायचं यंत्र आणा, ते गाडी कुणाची आणि गाणं कुठलं हे बघत नाही.

तुळशीचं लग्न लागलं की वराती सुरू होतील. एखाद्या वेळी कानात बोटं घालण्याआधी ऑपरेटरला नाहीतर बँडवाल्या दादाला विचारा, की हा ठेका कोणता आणि बसवला कुणी. तो सांगेल, त्याला तसं विचारणारं कुणी भेटत नाही. मोबाइलवर दोन मिनिटं ध्वनिमुद्रण करा आणि सोबत गाव, प्रसंग, ठेक्याचं नाव आणि वाजवणाऱ्याचं नाव लिहून ठेवा.